पेटंट घेण्याआधी पेटंट वाच

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा तो लांबलचक मेसेज दोनदा वाचला, आणि म्हटलं फोनपेक्षा लिहूनच टाकतो, कारण फोनवर मी भरकटतो आणि तू "हो काका, हो काका" करत भलतंच काहीतरी करत असतेस हे मला चांगलं माहितीये.

कांद्याच्या चाळीतला तुझा सेन्सर मला मनापासून आवडला. ढिगाच्या पोटात कांदा सडायला लागला की बाहेर वास यायच्या आधी कळणं ही काय चीज आहे ते ज्याने चाळ उपसलीये त्यालाच विचार. पण मग तू लिहिलंयस की सरांना या वर्षी पेटंटचा आकडा दाखवायचाय म्हणून लवकर काहीतरी टाकून देऊ. तिथे मी थांबलो. अगं, कॉलेजच्या गेटवर "पेटंट पब्लिश झाल्याबद्दल अभिनंदन" असे बॅनर लागतात ना, त्यातली गंमत तुला सांगतो. अर्ज केला की १८ महिन्यांनी तो पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये आपोआप छापला जातो, जादा फी भरली तर त्याआधीही. तेव्हा कुणी तो तपासलेलाही नसतो. परीक्षेचा फॉर्म भरला म्हणून आपण पास झालो असं सांगत फिरतो का?

पेटंट म्हणजे मुळात एक सौदा आहे. तू तुझी युक्ती सगळी लिहून द्यायची, इतकी नीट की त्या विषयातला माणूस वाचून ती करू शकेल, आणि बदल्यात सरकार सांगतं की अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं तुझ्या परवानगीशिवाय दुसऱ्याने तिचा धंदा करायचा नाही. सगळ्यांचं लक्ष त्या २० वर्षांवर, लिहून दिलेलं कोण वाचतं?

मीही वाचत नव्हतो. बोईसरला केमिकलच्या कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा रिडक्शन नावाच्या एका रासायनिक स्टेपवर आठ महिने घासत होतो, रात्रपाळ्या केल्या, दोन ऑटोक्लेव्हची (दाबाखाली चालणाऱ्या भांड्यांची) वाट लावली, आणि शेवटी एकदाचं यील्ड, म्हणजे हाती पुरेसा माल, आलं तेव्हा मिरवत साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी काही न बोलता कपाटातून एक जुनं जर्मन पेटंट काढून टेबलावर ठेवलं. उदाहरण चौथं. माझीच रिअ‍ॅक्शन, माझ्यापेक्षा बऱ्या यील्डने, आणि मुदत कधीच संपलेली. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता मुद्द्याचं सांगतो, कारण हे तुला कॉलेजात कुणी सांगणार नाही. कायदा कसा आहे त्यावर अख्ख्या देशाची डोकी कुठल्या दिशेने चालणार ते ठरतं. आमची पिढी जशी घडली ती १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्याआधी इंग्रजांचा १९११ चा कायदा होता, पेटंटं बहुतेक परदेशी कंपन्यांची, त्यातली बरीचशी इथे वापरात आणलेलीच नाहीत, म्हणजे स्वतः इथे बनवणार नाहीत आणि दुसऱ्यालाही बनवू देणार नाहीत, आणि औषधांचे भाव असे की अमेरिकन सिनेटच्या समितीलाही ते डोळ्यात खुपले. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये यावर अहवाल दिला आणि त्यातून जो कायदा आला त्याने औषधांच्या बाबतीत एक मोठी गोष्ट केली, म्हटलं पदार्थावर पेटंट नाही, फक्त तो बनवायच्या पद्धतीवर, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षं.

झालं. वाट दुसरी काढली की माल आपला. मग देशभर आमच्यासारखी हजारो पोरं दुसऱ्या वाटा शोधायला बसली. पेटंट समोर ठेवायचं, त्यात त्यांनी काय झाकलंय आणि काय उघडं ठेवलंय ते बघायचं, आणि कमी स्टेपमध्ये, स्वस्त सॉल्व्हंटमध्ये तिथेच पोचायचं. याला कॉपी म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांना एकदा रिअ‍ॅक्टरसमोर उभं कर. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) वर्षानुवर्षं काम करून हैदराबादला गेलेले रसायनशास्त्रज्ञ ए. व्ही. रामा राव यांनी एड्सवरच्या एझेडटी या औषधाची पद्धत सिप्ला या आपल्या औषध कंपनीसाठी बसवली ती याच परंपरेतली. आणि २००१ मध्ये सिप्लाचे प्रमुख युसुफ हमीद यांनी जेव्हा एड्सची तीन औषधं मिळून एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरला देतो म्हणून सांगितलं तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव १० ते १५ हजार डॉलर होता.

पण खरं सांगायचं तर याची दुसरी बाजू आम्ही लोक सोयीस्करपणे विसरतो. त्या तीस-पस्तीस वर्षांत आम्ही वाटा शेकड्यांनी काढल्या, पण स्वतःचे नवे रेणू, म्हणजे अगदी नवी औषधं, किती काढली? बोटावर मोजण्याइतकी. नव्या रेणूला जिथे संरक्षणच नाही तिथे त्यावर दहा-बारा वर्षं पैसा कोण ओतणार. मग जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून औषधाच्या पदार्थालाही पेटंट द्यावं लागलं आणि खेळ बदलला. तेव्हा आपल्या लोकांनी एक पाचर मात्र मारून ठेवली, कलम ३(ड). जुन्याच पदार्थाचं नुसतं नवं रूप आणलं, परिणाम वाढल्याचं दाखवलं नाही, तर पेटंट नाही. रक्ताच्या कॅन्सरवरच्या ग्लिव्हेक या औषधाचं प्रकरण याच कलमावर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १ एप्रिल २०१३ ला ते बनवणारी नोव्हार्टिस हरली. त्याआधी २०१२ मध्ये मुंबईहून देशातला पहिला सक्तीचा परवाना (पेटंटवाल्याच्या मर्जीशिवाय दुसऱ्याला माल बनवायची मुभा) निघाला होता, आपल्या नॅटको कंपनीला, बायरच्या नेक्सावार या कॅन्सरच्या औषधासाठी, महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ८,८०० वर. मला विचारशील तर दोन्ही निर्णय बरोबर होते. माझ्या मित्राचं मत उलट आहे आणि आम्ही दर दिवाळीला त्यावर भांडतो.

आता तुझ्याच लॅबमधलं उदाहरण घे म्हणजे फक्त औषधांचंच चाललंय असं वाटायला नको. तू सेन्सरची पेटी ज्या थ्रीडी प्रिंटरवर काढलीस तो तुमच्या कॉलेजला परवडला कारण वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर रचायच्या पद्धतीचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं. त्याआधी अशी मशिनं म्हणजे मोठ्या कंपन्यांचं काम. रेपरॅपवाली मंडळी, म्हणजे सगळ्यांना खुला असा स्वस्त थ्रीडी प्रिंटर करू पाहणारी, २००५ पासून तयारीत होतीच, पेटंट सुटलं आणि स्वस्त मशिनांचा पूर आला. म्हणजे पेटंटने वाट अडवली का? अडवली. पण ते नसतं तर मुळात कुणी पैसे लावले असते का, हेही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. जेम्स वॉटचंच बघ ना, वाफेच्या इंजिनाचं आपलं पेटंट पार्लमेंटकडून १८०० सालापर्यंत वाढवून घेतलं आणि बाकीच्यांना कोर्टात खेचलं, आणि तोच वॉट साधा क्रँक, म्हणजे पुढेमागे हलणाऱ्या दांड्याने चाक फिरवणारा आकडा, वापरू शकला नाही कारण त्याचं पेटंट दुसऱ्याच्या नावावर! मग गिअरला गिअर फिरवून वेगळी भानगड उभी केली. अडवणूक झाली म्हणून नवी युक्ती निघाली असंही म्हण, किंवा भल्या इंजिनिअरचा वेळ फुकट गेला असंही म्हण.

हळदीची गोष्ट तुला माहितीये, पण अर्धीच असणार. मिसिसिपीतल्या विद्यापीठाला १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावायचं पेटंट मिळालं, आणि माशेलकर सर सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक असताना आपण ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवलं. छान. पण रद्द कशावर झालं? माझी आजी गुडघा फुटला की हळद दाबायची हे तिथे चाललं नसतं, कारण तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात परदेशातली नुसती वापराची रीत धरत नव्हते, छापील पुरावा हवा. आपण ३२ संदर्भ दिले, जुन्या संस्कृत ग्रंथांपासून १९५३ च्या एका वैद्यकीय जर्नलमधल्या पेपरपर्यंत. म्हणून सांगतो, चाळीत कांदा राखायच्या नाशिककडच्या जुन्या लोकांच्या ज्या युक्त्या तू ऐकल्यास, कुठल्या कोपऱ्यात आधी सडतं वगैरे, त्या त्यांच्या नावानिशी, त्यांना विचारून, तारीख टाकून लिहून ठेव आणि छाप. ते तुझं पेटंट नाही, पण उद्या दुसऱ्याचंही होणार नाही.

राहिला तुझा प्रश्न, पेपर की पेटंट. आधी अर्ज, मग पेपर, आणि आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत पोस्टर लावणार असशील तर त्याच्याही आधी अर्ज. एकदा जगाला दाखवलं की ते नवं राहत नाही. काही ठरावीक प्रसंगांना आपल्या कायद्यात बारा महिन्यांची सूट आहे पण तिच्या भरवशावर राहू नकोस, युरोपात तर ती चालतच नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाक, त्याची सरकारी फी ऑनलाइन १,६०० रुपये, वकिलाचे वेगळे, आणि पुढचे बारा महिने पूर्ण तपशील द्यायला मिळतात. तेवढ्यात अजून एक हंगाम चाळीत टेस्ट होईल. क्लेम, म्हणजे हक्क नेमका कशावर मागतोय ती वाक्यं, लिहिताना मात्र सांभाळ. शेतीच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट नाही, नुसत्या सॉफ्टवेअरलाही नाही, तेव्हा "कांदा साठवण्याची पद्धत" किंवा "सड ओळखणारा अल्गोरिदम" असं लिहिलंस तर अर्ज घरी परत येऊ शकतो. तुझं खरं नवं काय आहे? ती नळी, जी ढिगाच्या आतली हवा ओढते आणि मातीने चोंदत नाही. ती पकड.

आणि दुसऱ्याचं पेटंट दिसलं की घाबरू नकोस. प्रयोगासाठी, शिकण्यासाठी ते करून बघायला आपला कायदा मोकळीक देतो. शिवाय पेटंट ज्या देशात घेतलं त्याच देशात चालतं, अमेरिकेतलं इथे घेतलेलं नसेल तर इथे ते नुसतं वाचायचं पुस्तक आहे, फुकट, आकृत्यांसकट.

तेव्हा शनिवारपर्यंत एवढंच कर. बटाटा, कांदा, सफरचंद, काहीही, साठवणीतला वास किंवा गॅस ओळखणारी तीन पेटंटं शोध, एक तरी मुदत संपलेलं. प्रत्येकाचा क्लेम नंबर एक मराठीत स्वतःच्या शब्दांत लिहून काढ, आणि तुझ्या नळीसारखं काही दिसलं तर लपवू नकोस, ते आधी पाठव. सरांना सांग काकांनी थांबायला सांगितलंय.

तुझा,
काका

ता. क. काकू विचारतेय, चाळीतले टेस्टिंगचे कांदे संपले का अजून आहेत.