आफ्रिकेत सिंहाच्या छाव्यांना दूध पाजायचं स्वयंसेवी काम मिळतंय. पहिलीच वेळ आहे, जाऊ का?

छाव्यांचं काम घेऊ नका. माणसाच्या हातून बाटलीवर वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. मग हे 'अनाथ' छावे मोठे झाल्यावर जातात कुठे, एवढंच काम देणाऱ्यांना विचारून बघा. दक्षिण आफ्रिकेत अशा पैदाशीतले कित्येक सिंह कुंपणातल्या शिकारीला विकले गेले, हाडं आशियात गेली. पिल्लं लवकर काढून घेतली की सिंहीण पुन्हा लवकर विते, असा तो हिशेब. 2021 मध्ये तिथल्या सरकारने हा धंदा संपवायचं जाहीर केलं. जाहीर होणं आणि बंद होणं यात किती अंतर असतं, हे आपल्याला काय सांगायचं!

मी गेलो होतो नामिबियात, दामारालँडमध्ये, उगाब नदीच्या अंगाला. नदी म्हणजे बहुतेक वर्षभर नुसती वाळू. तिथले हत्ती वाळवंटात राहतात. जात वेगळी नाही, सवानातलेच, पण पाण्यासाठी लांबलांब चालणारे. शेतकऱ्याची टाकी किंवा पाइप सापडला की उचकटून टाकतात. त्यावर उपाय म्हणजे टाकी-पंपाभोवती दगडी भिंत घालायची आणि हत्तींना प्यायला पाणी भिंतीबाहेर ठेवायचं.

थोडक्यात, पदरचे पैसे भरून गवंड्याच्या हाताखाली राबायचं. आईला हे अजून पटलेलं नाही. ऊन चढायच्या आत दगड गोळा करायचे. दगड आधी बुटाने पलटायचा, मग उचलायचा, कारण खाली विंचू असतो. मग माल कालवायचा आणि घमेली वाहायची. मी रचलेला पहिला थर तिथल्या गवंड्याने एक शब्द न बोलता उतरवला आणि परत लावला. मी सांध्यावर सांधा आणला होता, अशी भिंत हत्तीने नुसतं अंग घासलं तरी फाटते. पाणी सिमेंटला आणि प्यायला, त्यामुळे आठवडाभर आंघोळ नाही. जुलैत तिकडे हिवाळा. रात्री कानटोपी घालून झोपायचो.

हत्ती दिसले दुसऱ्या आठवड्यात, गाडीतून. कानाच्या कडेच्या खाचा, भोकं, सुळ्यांची ठेवण वहीतल्या चित्रांशी ताडून कोणता हत्ती कुठे दिसला ते नोंदवायचं. एक मादी पिल्लाला घेऊन गाडीच्या अगदी जवळून गेली, तेव्हा तिची खोल गुरगुर ऐकू आली. हात लावणं सोडा, खाली उतरायचीसुद्धा परवानगी नव्हती. प्रकल्प निवडताना मी तरी हेच बघेन.

केनिया किंवा युगांडातला प्रकल्प घेतलात, तर भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतात. तो लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतो, तेव्हा आयत्या वेळी धावपळ नको.

आणि हातमोजे चामड्याचे न्या. माझे कापडी होते, तिसऱ्या दिवशी बोटं बाहेर आली.