उभ्या जपानी ओळीतला आडवा दांडा
वाचकांचे प्रश्न : डीटीपी आणि ई-पुस्तक

या वेळची बरीचशी पत्रं जपानी-मराठी ई-पुस्तकांबद्दल आहेत. आज्ञा आणि युनिकोड क्रमांक (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक क्रमांक) इथे देवनागरीत छापले आहेत. फाईलमध्ये ते रोमन अक्षरांतच टंकायचे.

प्रश्न : जपानी शिकणाऱ्यांसाठी आम्ही गोष्टींचं ई-पब (ई-पुस्तकाची फाईल) तयार करतो आहोत. मजकूर उभा, ओळी उजवीकडून डावीकडे. काताकाना या जपानी ध्वनिलिपीतल्या शब्दांत स्वर लांबवणारा दांडा काही ठिकाणी नीट उभा दिसतो, काही ठिकाणी आडवाच राहतो. फॉन्ट बदलून पाहिला, फरक नाही. – एक वाचक, दादर

उत्तर : फॉन्टचा दोष असता तर सगळेच दांडे बिघडले असते. काहीच बिघडलेत, म्हणजे तिथे टंकलेलं अक्षरच वेगळं आहे. दीर्घ स्वराच्या दांड्याचा (चोओन्पु) युनिकोड क्रमांक ३०एफसी. त्याच्यासारखी दिसणारी आणखी दोन चिन्हं हमखास घुसतात. पहिलं म्हणजे ‘एक’ या आकड्याची कांजी (चिनी मुळाचं जपानी अक्षर), क्रमांक ४ई००. ती कांजी असल्यामुळे उभ्या ओळीत वळत नाही, आडवीच राहते. दुसरा साधा हायफन, ००२डी. तो वळतो, पण आखूड आणि बारीक दिसतो. स्कॅन करून ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने) काढलेल्या मजकुरात पहिली चूक फार.

ओळखायची सोपी युक्ती म्हणजे मजकूर तात्पुरता मिंचो (जाड-बारीक रेघांच्या) वळणाच्या फॉन्टमध्ये टाका. ‘एक’च्या कांजीला उजव्या टोकाला छोटा त्रिकोण दिसेल, दांड्याला तो नसतो. गोथिक (एकसारख्या जाडीच्या रेघांच्या) वळणात दोन्ही सारखेच दिसतात आणि प्रुफं वाचणाऱ्याची नजर चुकते.

दुरुस्तीसाठी व्हीएस कोडसारख्या एडिटरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचा (अक्षरांचा नमुना देऊन करायचा) शोध चालू करून काताकानाची ३०ए१ ते ३०एफए ही व्याप्ती आणि तिला लागून ४ई०० असा शोध द्या. ‘सगळे बदला’ मात्र दाबू नका. ‘पान हितोत्सु’, म्हणजे ‘एक पाव’, अशा शब्दांत काताकानाच्या लगेच पुढे खरीखुरी ‘एक’ची कांजी येते. एकेक पाहून बदलायचं. वेळ जातो, इलाज नाही.

आता सगळेच दांडे बिघडले असतील तर काय, हेही सांगून ठेवतो, कारण पुढचं पत्र त्याचंच येईल. जपानी फॉन्टमध्ये उभ्या मांडणीसाठी काही अक्षरांची वेगळी रूपं असतात आणि ‘व्हर्ट’ नावाच्या ओपनटाईप फीचरमधून (फॉन्टच्या फाईलमध्येच असलेल्या सोयीतून) ती लागू होतात. दांडा, कागी कंस (「 」), स्वल्पविराम, पूर्णविराम आणि लहान आकाराचे काना (जपानी ध्वनिअक्षरं) ही त्यांतली मुख्य. फॉन्टची फाईल हलकी करताना अनेक ऑनलाईन साधनं हे फीचर कापून टाकतात. निदान करताना दांड्याकडे नव्हे, स्वल्पविरामाकडे पाहा. युनिकोडच्या ५० क्रमांकाच्या जोडपत्रानुसार, फॉन्टमध्ये उभं रूप नसेल तर दांडा आणि कंस रीडरने (ई-पुस्तक दाखवणाऱ्या ॲपने) स्वतः फिरवून दाखवावेत. स्वल्पविराम आणि लहान काना मात्र तसेच ठेवावेत. त्यामुळे नियम पाळणाऱ्या रीडरमध्ये दांडा उभा दिसतो आणि वाटतं, सगळं ठीक आहे. स्वल्पविराम आपल्या चौकटीत वर उजवीकडे हवा. तो खाली डावीकडे बसला असेल तर ‘व्हर्ट’ गेलं समजा.

फॉन्ट हलका करायलाच हवा, कारण पूर्ण जपानी फॉन्ट काही एमबींचा असतो. फॉन्टटूल्स या साधनसंचातलं ‘पायएफटीसबसेट’ वापरा: ‘टेक्स्ट-फाईल’ या पर्यायाला पुस्तकाचा सगळा मजकूर द्या आणि ‘लेआउट-फीचर्स’ला तारांकन द्या, म्हणजे एकही फीचर गळणार नाही. केवळ २,१३६ जोयो (नेहमीच्या वापराच्या सरकारी यादीतल्या) कांजींचा तयार संच घेऊ नका. माणसांची आणि गावांची नावं त्याबाहेरची निघतात आणि तिथे रिकामी चौकट उमटते.

प्रश्न : इनडिझाईनमधून काढलेलं ई-पब आयपॅडवर सुरेख दिसतं. ऑफिसच्या विंडोज मशीनवर तेच पुस्तक मिंचोऐवजी जाड गोथिकमध्ये उघडतं. फॉन्ट पुस्तकात घातलेला आहे, फोल्डरमध्ये दिसतोही. आयएसबीएन उशिरा मिळाल्यामुळे नंतर झिप उघडून तेवढा बदल केला होता. – मुद्रितशोधक, परळ

उत्तर : शेवटचं वाक्य लिहिलंत म्हणून बरं झालं. इनडिझाईन ई-पबमध्ये फॉन्ट घालताना तो झाकून ठेवतं, म्हणजे त्याचे पहिले १,०४० बाइट एका किल्लीने बदलून टाकतं. ही किल्ली पुस्तकाच्या ओळख क्रमांकावरून बनते. ओपीएफ फाईलमध्ये (ई-पबमधली पुस्तकाच्या माहितीची फाईल) तुम्ही तो क्रमांक हाताने बदललात, किल्ली बदलली, आणि रीडरला फॉन्ट उघडता येईना. तो तक्रार न करता यंत्रातला दुसरा फॉन्ट लावून मोकळा होतो.

मग आयपॅडवर बरोबर कसं? तिथेही तुमचा फॉन्ट उघडत नाहीच. ॲपलच्या उपकरणांत हिरागिनो मिंचो आधीपासून असतो, त्यामुळे दोष झाकला जातो. विंडोज १० किंवा ११ मध्ये यू गोथिक मुळातच असतो, पण यू मिंचो आणि एमएस मिंचो ‘जपानी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऐच्छिक भागात येतात. आपल्याकडच्या मशीनवर तो भाग सहसा बसवलेला नसतो. तो बसवून घ्यायचा मोह टाळा. तुमच्या मशीनवर चित्र सुधारेल, वाचकाच्या नाही.

उपाय दोन. नवा क्रमांक इनडिझाईनच्या एक्स्पोर्ट खिडकीतच भरून पुस्तक पुन्हा काढा. हा सरळ मार्ग. दुसरा, फॉन्टचा परवाना मुभा देत असेल तर (नोतो सेरिफ जेपी खुल्या ओएफएल परवान्याचा आहे) एन्क्रिप्शनच्या एक्सएमएल फाईलमधली त्या फॉन्टची नोंद काढून टाका आणि झाकलेल्या फाईलच्या जागी मूळ फॉन्ट ठेवा. पुन्हा झिप करताना ‘माइमटाईप’ ही फाईल सगळ्यांत आधी आणि कम्प्रेस न करता जायला हवी. मग ई-पबचेक चालवा. पण तो फाईलची रचना तपासतो. पानावर कोणता फॉन्ट उमटला, ते तो सांगत नाही.

ते पाहायचं तर दुसऱ्या उपायानंतरचं ई-पब वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा आणि एखादं प्रकरण क्रोममध्ये लावा. शंका असलेल्या ओळीवर ‘इन्स्पेक्ट’ करा. ‘कम्प्यूटेड’च्या तळाशी ‘रेंडर्ड फॉन्ट्स’ अशी यादी असते. सीएसएसमध्ये (मांडणीच्या आज्ञांत) काय मागितलं ते विसरा, ही यादी खरी. झाकलेल्या फॉन्टवर मात्र ही चाचणी करू नका, ब्राउझरला तो उघडता येत नाहीच.

प्रश्न : उभ्या जपानी मजकुरातच कठीण शब्दांचे मराठी अर्थ द्यायचे आहेत. मराठी शब्द आडवे पडतात. सरळ करायला गेलो तर शिरोरेषा तुटते. शिवाय मराठी आलेल्या ओळींमधलं अंतर वाढतं. – अनुवादक, विलेपार्ले

उत्तर : मराठी शब्द कलंडून घड्याळाच्या दिशेने ९० अंशांत वळतो, तो दोष नाही. युनिकोडने देवनागरी ‘वळणारी’ लिपी ठरवली आहे. ‘टेक्स्ट-ओरिएंटेशन’ला ‘अपराइट’ दिलंत की प्रत्येक अक्षर सुटं होऊन एकाखाली एक रचलं जातं आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. ‘मिक्स्ड’च ठेवा. दोन-तीन शब्दांपुढे अर्थ जात असेल तर तो तळटीपेत न्या, मान वाकडी करून वाचायला कोणालाच आवडत नाही.

ओळींचं अंतर वाढतं ते देवनागरी फॉन्टमुळे. वेलांटी, रफार, उकार यांच्यासाठी त्यांची उंची मोठी धरलेली असते आणि ‘लाईन-हाइट’ ठरवलेली नसेल तर ती पूर्ण ओळीला लागू होते. परिच्छेदाला १.७ असा निव्वळ आकडा द्या आणि मराठी शब्दांचा आकार ०.८५ ईएम (भोवतालच्या अक्षरांच्या ०.८५ पट) करा.

फॉन्टच्या यादीत नोतो सेरिफ देवनागरी आधी आणि जपानी फॉन्ट नंतर, असा क्रम असेल तर तो उलटा करा. तीन टिंबं आणि लांब डॅश ही चिन्हं देवनागरी फॉन्टमध्येही असतात आणि यादीत जो फॉन्ट आधी, त्याची चिन्हं उचलली जातात. ती तळरेषेवर बसणारी असल्याने उभ्या ओळीत टिंबं डावीकडे सरकतात. दुहेरी अवतरण उभ्या जपानीत आपल्यासारखं चालतच नाही. तिथे कागी कंस घ्या, नाहीतर ३०१डी आणि ३०१एफ ही जोडी.

दोन आकडी संख्या उभ्या ओळीत शेजारी-शेजारी बसवायची (ताते-चू-योको) तर ती ‘स्पॅन’ या एचटीएमएलच्या खुणेत घालून ‘टेक्स्ट-कम्बाइन-अपराइट: ऑल’ द्या. जुन्या रीडरसाठी ‘ईपब’ आणि ‘वेबकिट’ उपसर्गांची ‘टेक्स्ट-कम्बाइन: हॉरिझॉन्टल’ ही ओळही जोडा. ‘डिजिट्स’ हा पर्याय आपल्या १२ किंवा ४५ ला लागू होत नाही, तो फक्त इंग्रजी (0 ते 9) आकड्यांचा आहे. चार आकडी साल असं कोंबू नका, ते कांजी आकड्यांत लिहा.

प्रश्न : आमच्या जपानी शिक्षिकेच्या मते काही कांजी ‘चिनी वळणाच्या’ दिसतात. फाईल तर जपानीच आहे. – विद्यार्थी, मुलुंड

उत्तर : शिक्षिका बरोबर आहेत. चिनी आणि जपानी वळणांना युनिकोडमध्ये बऱ्याचदा एकच क्रमांक आहे. कोणतं रूप दाखवायचं ते भाषेच्या खुणेवरून ठरतं. ‘होने’, म्हणजे हाड, ही कांजी तपासा. वरच्या चौकटीतला छोटा कोपरा जपानीत उजवीकडे, चीनमधल्या रूपात डावीकडे. एचटीएमएलच्या मुळाशी ‘लँग’ आणि ‘एक्सएमएल:लँग’ या दोन्हींत ‘जेए’ लिहा, मराठी तुकड्यांना ‘एमआर’. ‘जेपी’ लिहिलेलं बरेचदा सापडतं. तो देशाचा संकेत आहे, भाषेचा नाही.

प्रश्न : वर्डमध्ये फॉन्टच्या नावाआधी ‘ॲट’चं चिन्ह दिसतं. तो निवडला की अक्षरं आडवी झोपतात. – वाचक, ठाणे

उत्तर : ती उभ्या छपाईची विंडोजमधली जुनी सोय. अक्षरं आडवी पाडून कागद फिरवायचा. ई-पुस्तकासाठी तिचा उपयोग नाही. ‘ॲट’ नसलेलंच नाव घ्या.

प्रश्न : किंडलवर मजकूर उभा येतो, पण पानं उलट्या बाजूने उलटतात. – प्रकाशक, गिरगाव

उत्तर : सीएसएसमधला ‘रायटिंग-मोड: व्हर्टिकल-आरएल’ ओळी उभ्या करतो, पानांची दिशा ठरवत नाही. ती ओपीएफमधल्या ‘स्पाइन’वर (प्रकरणांच्या क्रमाच्या यादीवर) द्यावी लागते: ‘पेज-प्रोग्रेशन-डिरेक्शन’ बरोबर ‘आरटीएल’. किंडलसाठी मेटाडेटात ‘प्रायमरी-रायटिंग-मोड’ला ‘व्हर्टिकल-आरएल’ही लिहा. किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये तपासताना मुखपृष्ठावर थांबू नका. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापर्यंत पानं उलटून बघा आणि अनुक्रमणिकेतून एकदा उडी मारून पाहा.