शांघाय म्युझियमला पहिल्यांदा जातोयस ना, मग हे वाच

सगळ्यात आधी एक, एका दिवसात सगळं बघायचा हट्ट सोड. आता दोन इमारती आहेत, पीपल्स स्क्वेअरची १९९६ ची जुनी, ती लांबून बघितली की चक्क जुन्या कांस्याच्या 'डिंग' भांड्यासारखी दिसते, आणि पुडोंगमधली नवी ईस्ट वाली, ती २०२४ ला सुरू झाली. कुठलं दालन कुठल्या इमारतीत आहे ते निघायच्या आधी बघून ठेव, नाहीतर मेट्रोत निम्मा दिवस जातो. पासपोर्ट जवळ ठेव.

कांस्याला किमान दोन तास दे. 'दा के डिंग' हे भांडं नाही चुकवायचं, चीनच्या वेस्टर्न झोऊ राजघराण्याच्या काळातलं, २०० किलोच्या वर वजन, पण खरी गंमत आतल्या बाजूला आहे, २९० अक्षरांचा लेख आहे, त्यामुळे नुसतं बाहेरून बघून पुढे जाऊ नकोस, आतल्या लेखाचा कागदावर घेतलेला ठसा शेजारी लावलाय का बघ.

मुखवट्यांसाठी पाय दुखायच्या आधी जा हं. चीनच्या ग्वीझोऊ प्रांताचे लाकडी नुओ मुखवटे म्हणजे भुतंखेतं, रोगराई हाकलायच्या विधीतले, म्हणून इतके डोळे वटारलेले आणि सुळे बाहेर आलेले. तिथल्याच आनशुनच्या दीशी या लोकनाट्यात तर मुखवटा चेहऱ्यावर नाही, कपाळावर बांधतात आणि तोंडावर काळी जाळी. हे माहीत असलं ना की काचेमागचा मुखवटा जिवंत वाटतो, थोडा खाली वाकून, वर बघत बघ एकदा.