इंजिन बंद करायला सांग

अरे राजा,

तुझा मेसेज वाचला. दहावी संपली, मे महिन्यात बाबा तुला केनियाला नेणार, तेही तुम्ही दोघंच, आणि तुला धास्ती ही की दिवसभर एका गाडीत बसून त्यांच्याशी बोलायचं काय. शेवटी "जाऊ की नको?" असंही विचारलंयस. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही हे तुला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर मला विचारलंस. तेव्हा तो प्रश्न सोड.

सोबत पाठवलेला कार्यक्रम मात्र बघवला नाही. अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मसाई मारा, तिथली जंगलं न् तळी सगळी सात रात्रींत! अष्टविनायकसुद्धा लोक याहून सावकाश करतात. वर माहितीपत्रकावर नदी ओलांडणाऱ्या वाइल्डबीस्टचा, म्हणजे तिथल्या त्या दाढीवाल्या हरणांचा, फोटो. मे महिन्यात ते कळप मारात नसतात रे, खाली टांझानियात, सेरेंगेटीत असतात. मारा नदीवर पोचायला त्यांना जुलै उजाडतो.

तरी मे वाईट नाही. पाऊस असतो, गवत वाढलेलं असतं, माती आपल्या देशावरच्यासारखी काळी, चाक रुतलं की रुतलं. पण गर्दी कमी. 2024 पासून मारात परदेशी पाहुण्याला प्रवेशाचे जूनपर्यंत दिवसाला 100 डॉलर पडतात आणि जुलैपासून 200. सिंह, हत्ती, तरस कुठे जात नाहीत, बारा महिने तिथलेच. बाबांना सांग, बाकीची गावं गाळा, सगळे दिवस मारात काढा आणि वाचलेल्या पैशांत फक्त दोघांसाठी गाडी घ्या. दोघांचीच का? सात-आठ जणांच्या व्हॅनमध्ये इंजिन बंद करायला सांगायची तुझी छाती होणार नाही, आणि सांगितलंस तरी कोणी ऐकणार नाही.

इंजिन बंद. माझं बाकी सगळं विसरलास तरी चालेल.

ताडोब्यात तू पाहिलंयस, वाघ पाणवठ्यावर आल्याची खबर फुटली की जिप्सींची कशी शर्यत लागते. मारात खबर वायरलेसवरून फुटते. एका प्राण्याभोवती पाचाहून जास्त गाड्या नकोत असा तिथे नियम आहे. तो कितपत पाळतात ते बघशीलच. सगळ्यांत हाल चित्त्याचे, कारण तो दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणजे नेमकी आपल्या फिरण्याच्या वेळेत. मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ जिथे जास्त, तिथल्या माद्यांची फार थोडी पिल्लं मोठी होऊ शकली. यात ड्रायव्हरला बोल लावू नकोस. त्याची टीप बिबट्या दिसला की नाही यावर ठरते, आणि ठरवणारे आपण. पहिल्याच संध्याकाळी त्याला स्वच्छ सांगायचं: आम्हाला बिग फाइव्ह (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) मोजायचे नाहीत, एका जागी बसायचंय. बाबांनी एक्सेलमध्ये केलेली यादी घरीच राहू दे.

मी माझ्या मुलाला माराला घेऊन गेले तेव्हा तो तुझ्याच वयाचा होता. आमचं बोलणं "जेवलास का"च्या पुढे सरकत नव्हतं. एका सकाळी तरसांच्या बिळाशी गाडी लावली आणि मी इंजिन बंद करायला लावलं. ही ठिपक्यांची तरसं, आपल्याकडच्या पट्टेरी तरसाहून दांडगी. बऱ्याच वेळानं एक पिल्लू बाहेर आलं, काळंकुळकुळीत, मग आणखी दोन. एकानं पुढच्या टायरचा वास घेतला आणि मडगार्डचं रबर दातात धरून ओढून पाहिलं. तेवढ्यात मोठी मादी आली, तसं कडेला पडलेलं एक तरस शेपूट पायांत घालून लांब सरकलं. तो नर, असं ड्रायव्हर म्हणाला. यांच्यात राज्य बायकांचं. नर वयात आला की आपली टोळी सोडतो, दुसरीत शिरतो आणि तिथे सगळ्यांत खालच्या पायरीवर राहतो. पिल्लं वाढवायची ती आईनं.

मुलगा गप्प होता. मग दुर्बीण डोळ्यांवरून न काढताच म्हणाला, "मग यांचा बाप करतो काय?"

मी आधी तरसांचं सांगितलं. मग आमच्या घरचं.

त्याच सकाळी नदीकाठच्या झाडावर बिबट्या होता. कॅम्पवरच्या सगळ्यांनी पाहिला, आम्ही सोडून. रात्री जेवताना लोकांनी फोटो दाखवले आणि मला हट्टी ठरवलं. मुलगा अजूनही ऐकवतो, "आईनं बिबट्या घालवला." घालवला तर घालवला! धावत्या गाडीत त्यानं तो प्रश्न विचारला असता का, तूच सांग. माझ्या वडिलांबरोबर मी अशी कुठे बसलेच नाही. असो, तो विषय वेगळा.

बाबा तुला पिलानेसबर्गच्या हत्तींची गोष्ट ऐकवतीलच, माझ्याकडूनच ऐकलीय त्यांनी. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर नावाच्या राष्ट्रीय उद्यानातले मोठे हत्ती मारले गेले आणि पोरकी पिल्लं पिलानेसबर्गच्या राखीव जंगलात नेऊन सोडली. डोक्यावर मोठं कोणी नाही. ती पोरं वेळेआधीच मस्तावली आणि 1990च्या दशकात त्यांनी 40हून जास्त पांढरे गेंडे मारले. 1998 साली क्रूगरमधून सहा थोराड नर आणले, तेव्हा ते थांबलं. बाबा यातून काय काढतील ते मी सांगायला नको. त्या सहा जणांनी पोरांना व्याख्यान दिलं नव्हतं, एवढं त्यांच्या कानावर घाल.

पण तूही काही कमी नाहीस. "तिथे नेटवर्क असतं का?" हा काय प्रश्न झाला? कॅम्पवर असतं बऱ्याचदा. गाडीत इंजिन बंद तेव्हा फोनही बंद, यावर मी वाद घालणार नाही. कंटाळा येईल. येऊ दे. समोर प्राणी नसेल तर व्हिसलिंग थॉर्नचं झुडूप बघ. काट्यांच्या बुडाशी फुगीर गाठी असतात, त्यांत मुंग्या राहतात, आणि त्या मुंग्यांच्या धाकानं हत्तीसुद्धा त्या झाडाला तोंड लावायचं टाळतो. वारा सुटला की मुंग्यांनी पाडलेल्या भोकांतून शीळ वाजते. इंजिन चालू असेल तर ऐकू येत नाही, आणि कॅमेरा थरथरतो ते वेगळंच.

यलो फिव्हरची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्या आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा, नाहीतर परतताना मुंबईलाच अडकाल. आईला सांग, लाडू-चकल्या डब्यांत भर. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017पासून बंदी आहे. आणि दुर्बिणी दोन हव्यात. एकच असली की ती बाबांच्याच गळ्यात राहणार. माझी जुनी 8 बाय 42 पडून आहे, शनिवारी येऊन घेऊन जा.

तुझी,
मावशी