मुलगा ‘हं’च्या पुढे जात नाही आणि मुलीचा फोन दोन मिनिटांत संपतो, वाढत्या मुलांशी जवळीक कशी टिकवायची?

कोथरूडला घर, मुलगा बारावीत आणि सतत दार लावून, बावीस वर्षांची मुलगी नोकरीसाठी बेंगळुरूला, असं तुम्ही लिहिलंय. दोघांसाठी एकच उपाय चालणार नाही. आधी मुलाचं बघू.

तो क्लासवरून येतो आणि चपला काढायच्या आत सुरू होतं: टेस्टला किती पडले, उशीर का, डबा संपवलास का. तुमच्या मते ही काळजी, त्याच्या मते तपासनाका. पहिली वीस मिनिटं काहीच विचारू नका. खायला द्या आणि आपल्या कामाला लागा.

‘बस, जरा बोलायचंय’ हे वाक्य तर कायमचं बंद करा. या वयाची मुलं समोर बसवलं की मिटतात, शेजारी असलं की खुलतात. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, अर्धा-पाऊण तास एआरएआयच्या टेकडीवर चालायला जा किंवा मटार सोलायला बसा. (गाडीवर नको, कर्वे रस्त्याच्या गर्दीत निम्मं ऐकूच येत नाही.) अभ्यासाचा विषय तुम्ही काढायचा नाही. पहिले दोन-तीन आठवडे तो गप्पच राहील, आणि बहुतेक पालक नेमके तिथेच कंटाळून सोडून देतात. रात्री साडेदहाला तो स्वयंपाकघरात घुटमळला, तर हातातलं काम सोडा. किशोरवयात झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवतं, त्यामुळे तुम्हाला झोप अनावर होते तेव्हा तो ताजातवाना असतो. त्यालाही आठ ते दहा तास झोप लागते, म्हणून अर्ध्या तासात आवरा.

खरी परीक्षा तो बोलल्यावर असते. समजा, तो म्हणाला, ‘जेईई सोडावीशी वाटतेय.’ तोंडावर येतं ते ‘अरे, दोन वर्षांची फी भरलीय!’ ते गिळा. त्याचेच शब्द परत म्हणा: ‘सोडावीशी वाटतेय? कशामुळे?’ मग मनात दहापर्यंत मोजा. ती शांतता तुम्हालाच जास्त टोचेल, पण भरू नका. तो थांबला की विचारा, ‘नुसतं ऐकू, की काही सुचवू?’ ‘नुसतं ऐक’ म्हणाला तर खरंच नुसतं ऐका. आणि ऐकलेलं मावशीला, काकूला किंवा फॅमिली ग्रुपवर सांगायचं नाही. एकदा फुटलं, की पुढची गोष्ट तुमच्यापर्यंत येणारच नाही. जिवाला धोका असेल तर गुप्तता पाळणार नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवा.

भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आपला वाटा मान्य करा: ‘काल मी आवाज चढवला, चुकलं.’ पूर्णविराम. पुढे ‘पण तूही...’ जोडलंत, तर माफी रद्द.

जवळीक म्हणजे सगळ्याला होकार नव्हे. नियम दोन-तीनच ठेवा, पण ते हलवू नका: रात्री फोन खोलीबाहेर, अठरा पूर्ण होईपर्यंत गाडीची किल्ली नाही.

दार लावणं नेहमीचंच. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण बिघडलंय, मित्र आणि आवडीच्या गोष्टी सुटल्यात, असं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मरणाचा विषय निघाला तर दोन आठवडे वाट बघू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा, विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका आणि लगेच मदत मिळवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

मुलीचं निराळं. ती आता तुमच्या हाताखाली नाही. फोनची वेळ तिला ठरवू द्या. ‘जेवलीस का’ आणि ‘लग्नाचं काय ठरवलंस’ हे एकाच फोनमध्ये आले, की तो दोन मिनिटांत संपणारच. तो विषय वेगळा, तिला आधी विचारून काढा. एरवी गॅलरीतल्या जास्वंदीचा फोटो पाठवा, ‘उत्तर नाही दिलंस तरी चालेल’ म्हणून. आरोग्यविम्याचा फॉर्म अडला असेल तर तिला विचारा आणि ती सांगेल तसं करूनही बघा. सल्ला द्यावासा वाटलाच, तर ‘सांगू का?’ विचारा. ‘नको’ म्हणाली तर विषय संपला. दिवाळीला ती चार दिवस येणार असेल, तर चारही दिवस नातेवाइकांच्या फराळात घालवू नका. एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा, तिला दुपारपर्यंत झोपू द्या.