एएमएल (रक्ताचा एक कॅन्सर) रेमिशनमध्ये आल्यावरही केमो का घ्यायची?

तुमच्या बाबांचा बोन मॅरो स्वच्छ आला, तरी डॉक्टर आणखी सायकल सांगताहेत आणि घरचे म्हणताहेत, आता पुरे. मलाही हाच आजार झाला, आणि आमच्याकडे हे घरचे म्हणजे माझे थोरले मामा.

रेमिशन म्हणजे मॅरोत ब्लास्ट (कच्च्या पेशी) पाच टक्क्यांच्या खाली आणि काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, जागेवर. आजार गेला असं नव्हे. सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या पेशी उरतात, आणि इंडक्शनवरच, म्हणजे पहिल्या केमोवरच, थांबलं तर जवळपास सगळ्यांचा आजार काही महिन्यांत उलटतो. म्हणून कन्सॉलिडेशन, म्हणजे रेमिशननंतरची ही केमो.

हे मामांना सांगून सांगून बायको थकली. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग दवाखान्याची भर कशाला करताय? सत्यनारायण घाला, गुळवेल सुरू करा.’ कन्सॉलिडेशनचं केमो औषध, हाय डोस सायटाराबिन, घेऊन मी साताऱ्याला घरी आलो. तिकडे दवाखान्यात डोळ्यांत स्टिरॉइडचे थेंब चालायचे, आणि मेंदूवर परिणाम होतोय का हे बघायला नर्स प्रत्येक डोसआधी नाकाला बोट लावायला नि कागदावर सही करायला सांगायची. इकडे मामांनी पूजेला भावकी बोलावलेली, आणि काउंट नेमके तळाला. बायको खोलीच्या दारातच उभी राहिली, ‘मामा, प्रसाद अंगणात वाटा, आत कुणी यायचं नाही.’ मामा म्हणाले, ‘प्रसादानं कधी इन्फेक्शन होतं का?’

त्याच रात्री हुडहुडी भरून 101 ताप. मामांचं म्हणणं, क्रोसिन द्या, सकाळी बघू. बायकोनं ऐकलं नाही, शेजाऱ्यांना उठवून गाडी काढायला लावली आणि थेट पुणे गाठलं. न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पेशी) शंभरच्या आत, प्लेटलेट नऊ हजार. जंतू तपासायला रक्ताचं कल्चर काढून लगेच अँटिबायोटिक लावलं. सकाळपर्यंत थांबलो असतो तर हे उत्तर लिहायला मी नसतो.

मामा अजूनही लग्नकार्यात सांगतात की ताप केमोमुळे आला. खरंच आहे की! केमोनंच काउंट पडतात, म्हणूनच 100.4 दिसला की रात्र-पहाट न बघता निघायचं असतं.

माझ्यात एफएलटी३ हे म्युटेशन (जनुकातला बदल) सापडलं, म्हणून केमोबरोबर त्यावरचं औषध मिडोस्टॉरिनही होतं. ट्रान्सप्लांटसाठी (दुसऱ्याच्या मॅरो पेशी घालायला) डोनर जुळला नाही, त्यामुळे त्या कॅप्सूल पुढेही चालू राहिल्या. पाकीट फोडलं की वासानंच पोटात ढवळायचं. पण घेतल्या.

बाबांना किती सायकल लागतील हे मी सांगू शकत नाही. म्युटेशनचा आणि एमआरडीचा (उरलेल्या सूक्ष्म आजाराचा) रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना विचारा, ट्रान्सप्लांटचंही विचारा. सत्तरीच्या पुढच्यांना बहुतेकदा हा हाय डोस देत नाहीत, अझासिटिडिन-व्हेनेटोक्लॅक्स या सौम्य औषधांच्या जोडीवर ठेवतात, आणि तेही रेमिशननंतर चालूच असतं. एपीएल हा एएमएलचा वेगळा प्रकार असेल तर माझं सगळं सोडून द्या, त्याचे उपचार वेगळे.

आणि ‘पुरे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला आधी ब्लड बँकेत पाठवा, एसडीपी (एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट) लागणारच आहेत. आमच्या मामांनी शुगरचं कारण सांगितलं. त्यांचा मुलगा मात्र दीड तास मशीनवर पडून राहिला.