ऑपरेशन मधोमध ठेवू नकोस

अगं मुली,

फिस्टुलावरच्या, म्हणजे अडलेल्या बाळंतपणामुळे लघवी गळत राहणाऱ्या बायकांवरच्या, फिल्मचा तुझा आराखडा नीट वाचला. कष्ट दिसतात. पण फिल्मच्या मधोमध तू ऑपरेशन थिएटर ठेवलंयस आणि शेवटी हसरा चेहरा. हे मला पटत नाही. का, ते लिहिते.

‘अ वॉक टु ब्युटिफुल’ (2007) पुन्हा बघ. इथिओपियातल्या पाच बायका अदिस अबाबाच्या फिस्टुला हॉस्पिटलपर्यंत पोचतात. या वेळी शस्त्रक्रियेकडे बघू नकोस, बाकीचं बघ. एक जण आईच्या घरामागच्या खोपटात राहते, कारण तिचा वास कोणाला सोसत नाही. बसच्या रस्त्यापर्यंत यायलाच तिला कित्येक तास चालावं लागतं. पुढे लांबलचक बसप्रवास, आणि त्यात लघवी गळतेच आहे.

दुखणं होतं कसं, ते प्रेक्षकाला एकदाच आणि साध्या शब्दांत सांग. मूल अडलं, दिवसच्या दिवस कळा चालू राहिल्या, की बाळाचं डोकं मूत्राशय आणि योनीमार्ग यांना हाडावर दाबून धरतं. रक्त पोचत नाही, तेवढा भाग मरतो, काही दिवसांनी गळून पडतो आणि भोक उरतं. तोच फिस्टुला. बाळ तर बहुतेक वेळा दगावलेलंच असतं. मग लघवी सतत झिरपते, काहींना शौचही. गळती कमी व्हावी म्हणून बाई पाणी पिणं तोडते. त्यानं लघवी दाट होते आणि कातडी आणखी जळते. नस दबल्यामुळे कित्येकींचं पाऊलही लुळं पडतं. वेळेवर सिझेरियन झालं असतं तर यातलं बहुतेक सगळं टळलं असतं.

तेव्हा तुझी फिल्म उशिरावर हवी. थॅडियस आणि मेन या दोघी संशोधकांनी 1994 मध्ये मांडलं की हा उशीर तीन ठिकाणी होतो: घरात निर्णय घेताना, वाटेत, आणि दवाखान्यात पोचल्यावर. नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावच्या पाड्यांवर वाटेतला उशीर तुला सहज मिळेल. पावसाळ्यात बाईला बांबूच्या झोळीत घालून खाली आणतात, शॉट आपोआप जमतो (आणि म्हणूनच तो सगळ्यांनी घेतलाय). पहिला उशीर मात्र चुलीपाशी होतो. तिथं सासूला, सुईणीला बोलतं करावं लागेल, तेही त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं न करता. दवाखान्यातल्या उशिराबद्दल कोणी कॅमेऱ्यावर बोलणार नाही. रजिस्टरवरच्या वेळा मागून बघ.

आता बाईच्या शरीराकडे बघण्याविषयी. या शस्त्रक्रियेचं तंत्र ज्याच्या नावावर आहे, त्या अमेरिकी डॉक्टर मेरियन सिम्सनं 1840 च्या दशकात अलाबामात गुलाम बायकांवर, भूल न देता, पुन्हापुन्हा प्रयोग केले. अनार्का, बेट्सी आणि लुसी ही त्यांतल्या तिघींची नावं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा 2018 मध्ये हलवला गेला. नाही म्हणायची सोय नसलेल्या शरीरांवर हे ज्ञान उभं राहिलंय, हे डोक्यात ठेवून संमतीचा कागद पुढे कर. सही झाली म्हणजे काम झालं असं नाही. रफ कट तिला दाखव, नको म्हणाली तर काढ. आणि ओल्या अंथरुणाचा तो क्लोज-अप तू लिहिलायस ना, तो एडिट टेबलवर मी सगळ्यात आधी कापीन.

कॅमेरा काढण्याआधी राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीच्या दोन गावांवरचा लेख वाच (‘लॅन्सेट’, 1989). तपासलेल्या बायकांपैकी 92 टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. ‘अंग बाहेर येतं’ (म्हणजे गर्भाशय खाली सरकतं) हे बाई पहिल्या भेटीत सांगत नाही, पुरुष कॅमेरामनसमोर तर नाहीच.

शेवटाचं. अदिसच्या हॉस्पिटलातून घरी जाताना बाईला नवा पोशाख देतात, आणि प्रत्येक दिग्दर्शकाला तिथं थांबायचा मोह होतो. पण त्याच फिल्ममध्ये एका तरुणीचं भोक बुजूनही गळती थांबत नाही, कारण मूत्राशयच आक्रसलंय. मला ती फिल्म तिच्यामुळे आवडते. आणि ज्या बऱ्या होतात, त्यांचं पुढचं बाळंतपण सिझेरियननं करायचं असतं. म्हणजे पुन्हा तीच वाट, या खेपेला वेळेत. कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन या डॉक्टर जोडप्यानं 1974 मध्ये ते हॉस्पिटल उघडलं. 2007 मध्ये त्याच संस्थेनं सुईणींचं कॉलेज सुरू केलं, कारण नुसतं शिवत राहून पेशंट संपत नव्हते. मामितू गाशे हॅम्लिन यांच्याकडे पेशंट म्हणून आल्या, शाळेत न गेलेल्या, आणि डॉक्टरांच्या हाताखाली शिकत स्वतः शस्त्रक्रिया करू लागल्या. तुझ्याकडे अशी कोणी आहे का? आशाताई, नर्स, बरी झालेली एखादी बाई? असेल तर तिला मध्यभागी आण.

नवा आराखडा पाठवशील तेव्हा दुभाषी कोण आहे तेही लिही. बाईचा नवरा किंवा दीर असेल, तर शूटिंगच्या तारखा पुढे ढकल आणि पावरी बोलणारी बाई शोध. त्यासाठी बजेटमध्ये जागा कर, ड्रोनचे पैसे त्यात घाल.